‘इच्छाशक्ती नाही’ म्हणजे नेमके काय नाही?

आमच्या अंधेरीच्या सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर आठ वर्षे एक विषय न चुकता येत होता: गच्चीचे वॉटरप्रूफिंग. इमारत तळमजला अधिक चार मजल्यांची, चाळीस वर्षांची. चौथ्या मजल्यावरच्या घरांत जूनपासून बादल्या मांडलेल्या असतात. एका घरात तर देवघर दर पावसाळ्यात समोरच्या भिंतीला हलवले जाते आणि घटस्थापनेच्या आधी पुन्हा जागेवर आणले जाते. गच्ची गळते हे कोणी नाकारत नव्हते. स्ट्रक्चरल ऑडिट झाले होते, अहवालात गंजलेल्या सळयांचे फोटो होते, दोन कंत्राटदारांची दरपत्रके फायलीत होती. उपविधींप्रमाणे गच्चीच्या गळतीचा खर्च सोसायटीने करायचा असतो, याबद्दलही वाद नव्हता. तरीही दरवर्षी इतिवृत्तात एकच वाक्य उतरत असे: ‘सदर विषयावर सविस्तर चर्चा झाली व पुढील सभेत निर्णय घेण्याचे ठरले.’

संयुक्त राष्ट्रांच्या हवामान परिषदांचे ठराव वाचताना हेच वाक्य कितीतरी अधिक सफाईदार शब्दांत भेटते. म्हणून जगाचे पर्यावरण आणि राजकारण यांचे कोडे समजून घेण्यासाठी मी या लेखात अधूनमधून आमच्या गच्चीवर परत येणार आहे. तुलना सर्व ठिकाणी बसत नाही, आणि जिथे बसत नाही तिथेच ती जास्त उपयोगी पडते.

पर्यावरणावरची चर्चा, मग ती वाहिनीवरची असो वा लोकलमधल्या चौथ्या सीटवरची, शेवटी ‘राजकीय इच्छाशक्तीचा अभाव’ या शब्दांवर येऊन थांबते. हे शब्द खोटे नाहीत, पण आळशी आहेत. इच्छाशक्ती हा एखाद्या माणसाचा गुण असावा, काही नेत्यांकडे तो असतो आणि आपल्या वाट्याला तेवढे नेमके बिनगुणाचे आले, असा त्यातून समज होतो. प्रत्यक्षात सरकारे अनेक कामे अफाट इच्छाशक्तीने करतात. रातोरात झाडे तोडता येतात, समुद्रात भराव घालता येतो. त्यामुळे ती कोणत्या कामांत दिसते आणि कोणत्या कामांत दिसत नाही, हे पाहिले पाहिजे. खर्च कोणाच्या खिशातून आणि कधी जातो, लाभ कोणाच्या पदरात आणि कधी पडतो, आणि नकार देणाऱ्याचे काय बिघडते, या तीन प्रश्नांची उत्तरे मांडली की उरणाऱ्या बाकीला आपण इच्छाशक्ती म्हणतो.

माहिती नव्हती, ही सबब तर केव्हाच बाद झाली आहे. हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला तर पृथ्वी किती तापेल, याचे गणित स्वीडनचे स्वान्ते आऱ्हेनियस यांनी १८९६ मध्येच मांडले होते. हवाई बेटांवरच्या मौना लोआ वेधशाळेत १९५८ पासून या वायूचे अखंड मोजमाप होत आहे. तेव्हा हवेच्या दर दहा लाख भागांत तो सुमारे ३१५ भाग होता, आज ४२० च्या वर आहे, आणि कारखानदारी सुरू होण्यापूर्वी २८० च्या आसपास होता. १९८८ मध्ये ‘नासा’चे शास्त्रज्ञ जेम्स हॅन्सन यांनी अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे तापमानवाढ सुरू झाल्याची साक्ष दिली आणि त्याच वर्षी हवामानबदलाचा अभ्यास करणारे आंतरसरकारी मंडळ, म्हणजे आयपीसीसी, स्थापन झाले. २०२४ हे वर्ष औद्योगिक काळापूर्वीच्या सरासरीपेक्षा सुमारे १.५५ अंशांनी उष्ण ठरले. एका वर्षाने २०१५ च्या पॅरिस हवामान कराराची दीड अंशाची मर्यादा मोडली असे होत नाही, कारण ती दीर्घकाळाच्या सरासरीवर मोजली जाते. पण उंबरठ्यावर पाय पडला आहे, हे खरे.

आणि संकट एकटे हवामानाचे नाही. सुमारे दहा लाख प्राणी-वनस्पती प्रजाती नामशेष होण्याच्या धोक्यात असल्याचा अंदाज जैवविविधतेच्या आंतरराष्ट्रीय मंचाने २०१९ मध्ये दिला. त्याआधी २०१० साली जपानमध्ये देशांनी जैवविविधतेची वीस उद्दिष्टे ठरवली होती. २०२० उजाडले तेव्हा जगाच्या पातळीवर त्यांतले एकही पूर्णपणे साध्य झालेले नव्हते. वीसपैकी शून्य. एवढे गुण मिळवूनही कोणी नापास झाले नाही, कारण परीक्षा घेणारा आणि देणारा एकच होता.

जगाला उपनिबंधक नाही

सोसायटीत एखाद्या सभासदाने दुरुस्तीचा हप्ता भरला नाही, तर सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडून वसुलीचा दाखला मिळवता येतो. वेळ लागतो, कटुता येते, पण शेवटी कोणीतरी शिक्का मारणारा असतो. शिवाय सोसायटीत निर्णय बहुमताने होतो. आता अशी सोसायटी डोळ्यांसमोर आणा, जिथे जवळपास दोनशे सभासद आहेत, बहुमताचा नियमच नाही आणि उपनिबंधकाचे कार्यालयही नाही. हवामान परिषदांची रचना ढोबळमानाने अशी आहे.

१९९२ मध्ये रिओ दी जानेरो येथे हवामानबदलाच्या मूळ करारावर सह्या झाल्या. १९९५ पासून, करोनाचे एक वर्ष सोडले तर, दरवर्षी परिषद भरते. मतदान कसे करायचे या नियमावर मात्र पहिल्या परिषदेपासून आजतागायत सहमती झालेली नाही, आणि तो नियम मसुद्यातच राहिला. परिणामी प्रत्येक महत्त्वाचा निर्णय एकमताने घ्यावा लागतो. मतदान करावे की नाही यावरच एकमत नाही, म्हणून सर्व काही एकमताने, असा हा प्रकार आहे. ज्या देशाची अर्थव्यवस्था तेलावर उभी आहे तो देशही त्याच टेबलाशी बसतो, आणि त्याचा नकार समुद्रात बुडू घातलेल्या बेटाच्या होकाराइतकाच वजनदार असतो. सर्व जीवाश्म इंधनांपासून दूर जाण्याचा उल्लेख या परिषदांच्या ठरावात यायला २०२३ साल उजाडावे लागले. आजार काय हे ठाऊक असूनही त्याचे नाव केसपेपरवर लिहायला अठ्ठावीस परिषदा लागल्या.

प्लॅस्टिकच्या कराराचेही तेच झाले. २०२२ मध्ये नैरोबी येथे देशांनी प्लॅस्टिक प्रदूषणावर बंधनकारक करार करायचे ठरवले. शंभरहून अधिक देशांना प्लॅस्टिकच्या उत्पादनावरच मर्यादा हवी होती, तर तेल आणि रसायने विकणाऱ्या देशांना चर्चा कचरा गोळा करण्यापुरती ठेवायची होती. २०२४ च्या अखेरीस बुसानची आणि ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हाची बैठक कराराविना संपली.

शिक्षेचे म्हणाल तर विकसित देशांना उत्सर्जन कमी करण्याचे बंधन घालणाऱ्या १९९७ च्या क्योटो कराराचे उदाहरण बोलके आहे. अमेरिकेने सही केली, पण तिच्या सिनेटने कराराच्या काही महिने आधीच, विकसनशील देशांवर बंधने नसतील तर असा करार मान्य नाही, असा ठराव ९५ विरुद्ध शून्य मतांनी केला होता, त्यामुळे मंजुरी कधीच मिळाली नाही. कॅनडाने मंजुरी दिली, आणि उद्दिष्ट गाठता येत नाही असे दिसल्यावर २०११ मध्ये बाहेर पडण्याची घोषणा केली. कोणीही काही करू शकले नाही. या अनुभवानंतर २०१५ च्या पॅरिस करारात वेगळा मार्ग निवडला गेला: प्रत्येक देशाने आपला वाटा आपणच ठरवायचा, दर पाच वर्षांनी तो वाढवायचा, आणि न पाळल्यास दंड नाही. म्हणजे मेंटेनन्स किती द्यायचा हे प्रत्येकाने स्वतः ठरवून नोटीस बोर्डावर लावायचे. हास्यास्पद वाटते खरे, पण दुसऱ्या कोणत्याही अटीवर सगळे सभेला आलेच नसते. आज चालू असलेली धोरणे तशीच राहिली तर शतकाच्या अखेरीस तापमानवाढ अडीच ते तीन अंशांच्या दरम्यान जाईल असा अंदाज आहे. पॅरिसपूर्वी हे अंदाज याहून बरेच वर होते. करार निरुपयोगी ठरलेला नाही, तो अपुरा ठरला आहे.

कोबा कोणी फोडला?

आमच्या सभेत भांडण रंगते ते या प्रश्नावर. नव्वदच्या दशकात गच्चीवर लग्नाचे मांडव पडत, खांबांसाठी कोबा फोडला जाई, पुढे डिश अँटेना आल्या आणि त्यांच्यासाठी पुन्हा भोके पाडली गेली. ज्यांनी पाडली त्यांतले काही घर विकून गेले, काही आजही आहेत आणि त्यांना काही आठवत नाही. नव्याने घर घेतलेले म्हणतात, ‘आम्ही तर गच्चीत पापडसुद्धा वाळवले नाहीत, आम्ही सारखा हप्ता का भरायचा?’ त्यावर जुने म्हणतात, ‘वापर तर आता तुमचाच जास्त आहे.’

कार्बन डायऑक्साइडचा मोठा भाग शतकानुशतके हवेत टिकून राहतो. त्यामुळे आज कोण किती धूर सोडतो याइतकेच आजवर कोणी किती सोडला हेही महत्त्वाचे ठरते. औद्योगिक युगापासून हवेत गेलेल्या या वायूपैकी सुमारे चौथा भाग एकट्या अमेरिकेचा आणि पाचव्या भागाहून अधिक युरोपचा आहे. आजचा सर्वात मोठा उत्सर्जक मात्र चीन आहे. जगाच्या वार्षिक उत्सर्जनात त्याचा वाटा जवळजवळ एक तृतीयांश असून तो अमेरिका आणि युरोपीय संघ यांच्या बेरजेहून मोठा आहे. वार्षिक उत्सर्जनात भारताचा क्रमांक देश म्हणून तिसरा लागतो, पण दरडोई हिशेब केला तर भारतीय माणसामागे वर्षाला सुमारे दोन टन आणि अमेरिकी माणसामागे सुमारे चौदा टन पडतात. प्रत्येक देश यांतला आपल्या सोयीचा आकडा घेऊन सभेला येतो. खोटे कोणीच बोलत नसते, आणि अडचण नेमकी तीच असते.

२०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत ठरावातील कोळसा ‘बंद करणे’ हे शब्द भारताच्या आग्रहामुळे ‘कमी करणे’ असे झाले, आणि जगभरातून टीका झाली. मला ती टीका अर्धी पटते. भारतात तयार होणाऱ्या विजेचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कोळशाचा आहे. हा लेख ज्या संगणकावर लिहितो आहे तोही बहुधा त्यावरच चालतो. पण त्या वाक्यात गरीब देश जाळतात तो कोळसा होता आणि श्रीमंत देश जाळतात ते तेल आणि वायू नव्हते, हेही लक्षात ठेवायला हवे.

पैशांच्या बाबतीत तर विश्वासालाच तडा गेला आहे. २०२० पर्यंत विकसनशील देशांसाठी वर्षाला १०० अब्ज डॉलर उभे करू, असे श्रीमंत देशांनी २००९ मध्ये कोपनहेगनला सांगितले. तो आकडा गाठला गेला २०२२ मध्ये, आणि त्यात मोठा भाग कर्जाचा होता. बाकू येथे २०२४ मध्ये २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्जांचे नवे वचन मिळाले. ठरावावर हातोडा पडल्यानंतर भारताच्या प्रतिनिधींनी त्याच सभागृहात कडक शब्दांत हरकत नोंदवली, कारण मागणी १.३ लाख कोटी डॉलरची होती. ज्याचा मागचा हप्ता उशिरा आला त्याने पुढच्या हप्त्याचे आश्वासन दिले की सभेत जे होते, तेच तिथे झाले.

अंधेरी सबवेचे पाणी

हा सगळा दूरदेशीचा मामला आहे असे वाटू नये म्हणून घराजवळ येऊ. जोराचा पाऊस तासभर टिकला की अंधेरी सबवेच्या दोन्ही तोंडांशी पोलीस अडथळे ओढतात, आणि रिक्षावाले न विचारता गोखले पुलाकडे वळतात. याचे कारण फक्त नाल्यातला गाळ नाही. मुंबईच्या पर्जन्यजलवाहिन्या उतारावर चालतात. पाणी आपल्या वजनाने समुद्राकडे वाहत जाते आणि किनाऱ्यावरच्या मुखांतून बाहेर पडते. पण ही मुखे इतकी खाली आहेत की भरतीच्या पातळीच्या वर असलेली हाताच्या बोटांवर मोजता येतील. भरती आली की एकतर समुद्राचे पाणी नाल्यात शिरते, किंवा जिथे दरवाजे आहेत तिथे ते बंद करावे लागतात, आणि मग शहरातले पाणी पंपाने उपसून टाकल्याशिवाय हलत नाही. साडेचार मीटरहून मोठ्या भरतीच्या दिवसांची यादी महापालिका दर पावसाळ्याआधी जाहीर करते, ती एवढ्यासाठीच. १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली आहे. ऐकायला वीतभर, पण पातळी जसजशी चढते तसतशी मुखे मिटून राहण्याची वेळ लांबत जाते.

१९८५ साली शहर तुंबल्यानंतर अभ्यास करवून घेण्यात आला आणि १९९३ मध्ये ‘ब्रिमस्टोवॅड’ या बोजड नावाने ओळखला जाणारा अहवाल आला. जुन्या वाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पाऊस पेलतील, आणि त्यातला निम्मा जमिनीत मुरेल, अशा हिशेबाने बांधलेल्या होत्या. मुरायला जमीन उरलेली नाही, तेव्हा क्षमता तासाला ५० मिलिमीटर करा आणि किनाऱ्यावर पंपिंग स्टेशने बांधा, असे अहवालाने सांगितले. अहवाल जवळजवळ बारा वर्षे फायलीत राहिला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच वेळी कुलाब्यात ७५ मिलिमीटरही पडला नव्हता. उपनगरांत त्या दुपारी एकेका तासात वाहिन्यांच्या सुधारित क्षमतेच्या तिपटीहून अधिक पाणी कोसळत होते. शेकडो माणसे गेली. त्यानंतर केंद्राने सुमारे १,२०० कोटी रुपये मंजूर केले, जलतज्ज्ञ माधवराव चितळे यांच्या समितीने अहवाल दिला, आणि हाजी अली, इर्ला, लव्ह ग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गझदरबंध ही सहा पंपिंग स्टेशने एकामागून एक उभी राहिली. माहूल आणि मोगरा ही दोन जागेच्या अडचणींत वर्षानुवर्षे रखडली, आणि त्यातले मोगरा हेच अंधेरीला दिलासा देणार होते.

पैसा नव्हता असे म्हणता येत नाही. महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार कोटी रुपयांच्या वर होता. तज्ज्ञ होते, नकाशे होते. मग बारा वर्षे काय आडवे आले? उत्तर निवडणुकीच्या घड्याळात आहे. नाल्याच्या रुंदीकरणाला दहा वर्षे लागतात, त्यात नाल्याकाठची वस्ती आज हलवावी लागते, आणि ती वस्ती आज मतदार असते. लाभ होणार तो दहा वर्षांनी, तोही एखाद्या रात्री पाणी घरात न शिरण्याच्या स्वरूपात. न तुंबलेल्या रस्त्याचे उद्घाटन करता येत नाही, आणि जो पूर आलाच नाही त्याबद्दल कोणी हार घालत नाही. मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षे तर या शहराला निवडून आलेले नगरसेवकच नव्हते. जाब विचारायचा तर प्रशासकाला, आणि त्याला मते मागायला आपल्या दारात यायचे नसते. याच मार्च २०२२ मध्ये मुंबईचा स्वतंत्र हवामान कृती आराखडा जाहीर झाला, हा योगायोग.

जवळचे नुकसान, लांबचा फायदा

पश्चिम घाटाचे प्रकरण याच घड्याळाचा दुसरा काटा दाखवते. माधव गाडगीळ यांच्या समितीने २०११ मध्ये संपूर्ण घाट संवेदनशील मानून त्याचे तीन स्तर सुचवले आणि अंतिम निर्णयात ग्रामसभांना स्थान द्या असे म्हटले. विरोध झाला. २०१३ मध्ये कस्तुरीरंगन समितीने ते क्षेत्र सुमारे ३७ टक्क्यांवर आणले. त्यालाही विरोध झाला. मार्च २०१४ मध्ये केंद्राने पहिली प्रारूप अधिसूचना काढली; मुदतीत अंतिम न झाल्याने ती संपली, मग दुसरी, मग तिसरी. सहावी निघाली ३१ जुलै २०२४ रोजी, वायनाडमध्ये दरडीखाली गावे गाडली गेल्याच्या दुसऱ्या दिवशी. मधल्या दहा वर्षांत आपल्याकडे माळीण झाले, तळिये झाले, इर्शाळवाडी झाली. अधिसूचना अंतिम झाली असती तर या दरडी कोसळल्या नसत्या असा दावा मी करणार नाही. प्रत्येक दरडीचे भूशास्त्र वेगळे असते. पण सहा वेळा मसुदा काढून एकदाही सही न करणे, हाही एक निर्णयच असतो.

इथे खाणमालक आणि बांधकाम व्यावसायिक यांच्याकडे बोट दाखवणे सोपे आहे आणि बऱ्याच अंशी योग्यही आहे. ज्यांचे नुकसान मोठे आणि उद्याच होणार असते ते मूठभर लोक संघटित होतात, मंत्रालयात जातात, निवडणुकीला पैसा पुरवतात. ज्यांचा फायदा थोडाथोडा आणि वीस वर्षांनी होणार असतो ते कोट्यवधी लोक घरी असतात. पण विरोधात सामान्य शेतकरीही होता. आपल्या जमिनीवर उद्या काय करता येईल आणि काय नाही, हे त्याला कोणी त्याच्या भाषेत सांगितले नव्हते, आणि त्याच्या भरपाईचा रकाना कोराच होता.

श्रीमंत देशांतही हेच घडते. फ्रान्समध्ये इंधनावरील करवाढीविरुद्ध २०१८ च्या नोव्हेंबरात पिवळी जाकिटे घालून लोक रस्त्यावर उतरले. ते मुख्यतः अशा गावांतले होते जिथे मोटारीशिवाय कामावर जाता येत नाही. डिसेंबरात सरकारने वाढ मागे घेतली. ऑस्ट्रेलियात २०१२ मध्ये आलेला कार्बन कर निवडणुकीचा मुद्दा झाला आणि २०१४ मध्ये रद्द झाला. कॅनडात सामान्य ग्राहकांवरचा असाच कर २०२५ मध्ये शून्यावर आणला गेला, जरी त्यातली बहुतेक रक्कम कुटुंबांना परत मिळत होती. पंपावरची पावती रोज दिसते, बँकेत मुकाट जमा झालेला परतावा दिसत नाही. याउलट, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या हिशेबाने २०२२ मध्ये जीवाश्म इंधनांना मिळालेली उघड आणि छुपी सवलत मिळून ७ लाख कोटी डॉलर होती. यातली उघड सवलत सुमारे १.३ लाख कोटींची, आणि बाकीची म्हणजे मुख्यतः प्रदूषणाचे आणि तापमानवाढीचे नुकसान इंधनाच्या किमतीत न धरणे. ही पावती कोणालाच मिळत नाही.

आमच्या सभेत मात्र सर्वात परिणामकारक ठरायचा तो वेगळाच युक्तिवाद: ‘रिडेव्हलपमेंट होणारच आहे, आता गच्चीवर खर्च कशाला?’ बिल्डर पंधरा वर्षे येतो आहे. युरोप आणि ब्रिटनने २०५०, चीनने २०६० आणि भारताने २०७० ही नक्त शून्य उत्सर्जनाची, म्हणजे जेवढे सोडू तेवढेच शोषून घेऊ अशा स्थितीची, वर्षे जाहीर केली आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक घोषणा करणारे त्या वर्षी उत्तर द्यायला हजर नसतील. दूरची तारीख वाईट नाही. तिला जवळचे हप्ते बांधलेले नसतील तर ती रिडेव्हलपमेंटसारखी वागते. ब्रिटनने २००८ मध्ये कायदा करून पाच-पाच वर्षांचे बंधनकारक कार्बन अंदाजपत्रक ठरवले आणि त्यावर स्वतंत्र समिती नेमली. पुढे कोळशावर जादा किंमत लावली. २०१२ मध्ये त्या देशाची सुमारे ४० टक्के वीज कोळशाची होती. ३० सप्टेंबर २०२४ रोजी शेवटचे कोळसा वीजकेंद्र बंद झाले. मधल्या काळात पाच पंतप्रधान बदलले.

जिथे जमले तिथे काय होते

ओझोनच्या थराची कथा शाळेच्या पुस्तकात असते, पण तिचा उपयोगी भाग तिथे नसतो. शीतकरणात आणि फवाऱ्यांत वापरले जाणारे वायू हा थर खातात, हे मोलिना आणि रोलंड या रसायनशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये सांगितले, १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचे छिद्र जाहीर झाले, आणि १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियल येथे करार झाला. तो करणारे लोक आजच्यापेक्षा सज्जन होते असे नाही. हे वायू बनवणाऱ्या कंपन्या थोड्या होत्या आणि पर्यायी रसायने विकून त्यांना पैसाच मिळणार होता. कराराबाहेर राहणाऱ्या देशांशी या वायूंचा व्यापार बंद करण्याची तरतूद होती, म्हणजे उपनिबंधकाची थोडी सोय झाली. आधी ठरलेल्या वायूंची कपात वाढवायची असेल तर एकमत जमले नाही तरी दोन तृतीयांश मतांनी ती वाढवता येत होती. आणि भारत, चीन यांनी सुरुवातीला बाहेर राहून ‘बदलाचा खर्च कोण देणार’ असे विचारले, तेव्हा १९९० मध्ये लंडनला त्यासाठी निधी उभारण्यात आला. भारत १९९२ मध्ये करारात आला. आज त्या वायूंपैकी जवळपास ९९ टक्के वापर थांबला आहे आणि अंटार्क्टिकावरचा थर या शतकाच्या साठीच्या दशकात पूर्ववत होईल असा अंदाज आहे.

तेल आणि कोळसा हे काही फवाऱ्यातले वायू नव्हेत. सगळा संसार त्यांवर चालतो. पण इथेही हिशेब जिथे बदलला तिथे धोरण मागोमाग आले. भारतात २०१० च्या सुमारास सौर विजेचा दर युनिटला १२ रुपयांच्या आसपास होता, २०१७ मध्ये राजस्थानातील भडला येथील लिलावात तो २ रुपये ४४ पैशांवर आला. २०२५ मध्ये देशाच्या स्थापित वीजक्षमतेतला निम्मा वाटा जीवाश्म नसलेल्या स्रोतांचा झाला. ही क्षमता आहे, प्रत्यक्ष निर्मिती नव्हे, कारण सूर्य रात्री मावळतो आणि कोळसा मावळत नाही. तरीही पंधरा वर्षांपूर्वी हे आकडे कोणी सांगितले असते तर त्याला वेड्यात काढले असते.

दुसरा मार्ग न्यायालयांचा. हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा नागरिकांचा हक्क आहे, असे भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये म्हटले, तेही माळढोक पक्षी आणि विजेच्या तारा यांच्या खटल्यात. जुलै २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हवामानाचे रक्षण हे देशांचे कायदेशीर कर्तव्य असल्याचे मत दिले. या मागणीची सुरुवात पॅसिफिक बेटांवरच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी केली होती. ते मत बंधनकारक नाही, पण पुढच्या खटल्यांत वकील ते हातात धरून उभे राहतील.

आमच्या गच्चीचा ठराव अखेर गेल्या सप्टेंबरात मंजूर झाला. त्याआधीच्या ऑगस्टमध्ये पाणी लिफ्टच्या मशीन रूममध्ये उतरले आणि लिफ्ट अकरा दिवस बंद राहिली, तेव्हा दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यावरचे गुडघे चौथ्या मजल्याच्या बाजूने मतदानाला आले. निम्मा खर्च सिंकिंग फंडातून, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेल्या निधीतून, उरलेला बारा हप्त्यांत, आणि निवृत्तिवेतनावर राहणाऱ्या दोन घरांना चोवीस हप्ते, असे ठरले. जानेवारीत कामगारांनी जुना कोबा फोडला तेव्हा पाण्याच्या टाकीजवळ ओळीने सहा भोके सापडली, वरवर सिमेंट थापून बुजवलेली, मांडवाच्या खांबांची. तिथे शेवटचा मांडव तळमजल्यावरच्या काकांच्या मुलीच्या लग्नाचा पडला होता. काका जिने चढून वर आले, भोके पाहिली, कामगारांना चहा पाठवला. त्यांचा हप्ता अजून आलेला नाही.